मामांच्या गॅरार्डचा स्पीड कसा जागेवर आला

जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा स्पीड कमी झाला की दुरुस्तीवाला बहुधा ‘मोटर गेली’ म्हणून मोकळा होतो. मलाही एका ठिकाणी तेच ऐकायला मिळालं. मोटर काढून छोटी डीसी मोटर आणि पट्टा बसवून देतो, असंही तो म्हणाला. प्लेअर मामांचा, पंचवटीतल्या वाड्यातून आलेला गॅरार्ड. इंग्लंडात स्विंडनला बनलेला, आयडलर ड्राइव्हचा; म्हणजे मोटरची गती मधल्या रबरी चाकातून (आयडलर) थाळीला, रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या चकतीला, मिळते. त्याची मोटर काढली तर गॅरार्ड म्हणून त्यात उरणार काय? तो मी परत घरी आणला. आधी मोजायचं, मग पेचकस हातात घ्यायचा, असं ठरवलं.

तक्रारी दोन होत्या. गाणं उतरलेलं वाजायचं, आणि गवयाने लांबवलेला षड्ज थरथरायचा. या दोन तक्रारी वेगवेगळ्या धरायच्या, कारण त्यांची कारणंही बहुतेक वेळा वेगळी निघतात. मामा पेटी घेऊन बसले आणि म्हणाले, ‘‘अरे, हा सा पांढरी एकलाही नाही नि काळी एकलाही नाही, मधेच कुठेतरी आहे.’’ पण एवढ्यावर निदान करता येत नाही. तानपुरा काही पेटीच्या पट्टीला बांधलेला नसतो. गवयाने त्या दिवशी मधलाच सूर धरला असेल तर?

म्हणून स्ट्रोबची तबकडी, म्हणजे स्पीड मोजायच्या खुणा असलेली कागदी चकती, छापून आणली, सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या विजेवर चालणारा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांसाठी तबकडीवर १८० खुणा लागतात. स्पीड बरोबर असेल तर त्या जागच्या जागी उभ्या दिसतात. घरातल्या एलईडीखाली मात्र नुसता राखाडी पट्टा दिसत होता, कारण तो दिवा तसा लुकलुकतच नाही. लाल निऑन इंडिकेटर असलेला एक्स्टेंशन बोर्ड थाळीच्या अगदी जवळ आणला, खोलीत अंधार केला, आणि खुणा दिसायला लागल्या. हिशोबही सोपा आहे : सेकंदाला एक खूण मागे सरकली की स्पीड १ टक्का कमी.

डिसेंबरातली सकाळ होती, नाशिकची थंडी चांगलीच पडलेली. खुणा सेकंदाला तीन या गतीने मागे पळत होत्या. ३ टक्के म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मा फरक, म्हणजे मामांचा कान बरोबर होता. अर्धा तास प्लेअर तसाच फिरू दिला तर घसरण सेकंदाला एका खुणेवर आली. इथेच माझी खात्री पटली की मोटर शाबूत आहे. वायंडिंग जळालेली मोटर तापून सुधारत नाही. थंडीत घट्ट होणारं आणि उबेने सैल पडणारं काही असेल तर ते जुनं ग्रीस.

विजेवर खापर फोडण्यातही अर्थ नव्हता. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. त्यातून तीन टक्के निघत नाहीत. अमेरिकेहून आणलेला प्लेअर असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या मोटरच्या दांड्यावरची पुली ६० हर्ट्झच्या हिशोबाची असते, म्हणून आपल्याकडे तो २७.८ फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि गाणं षड्ज ते कोमल गंधार एवढ्या अंतराने खाली येतं. तिथे तेलपाणी करून काही होत नाही, पुलीच बदलावी लागते.

प्लग काढला, थाळी उचलली. खालच्या बॉल-बेअरिंगच्या कडीतलं ग्रीस पिवळं पडून लाखेसारखं कडक झालं होतं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कडी, वॉशर आणि मधला खांब चकचकीत होईपर्यंत पुसला आणि नवं ग्रीस अगदी थोडं लावलं.

मोटरला सगळ्यांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. तिचा दांडा वर-खाली दोन ब्राँझच्या बुशांत, म्हणजे छोट्या नळ्यांत, फिरतो. हे बुश सच्छिद्र असतात, तेल पिऊन ठेवतात. वर्षानुवर्षांत ते तेल आटतं, आणि वरून दोन थेंब सोडले तर ते आत मुरत नाहीत. म्हणून बुश काढले, धुतले आणि डिटर्जंट नसलेल्या, मध्यम जाडीच्या तेलात बुडवून वाटी मंद गरम केली. बुशाच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर यायला लागल्या. आतली हवा बाहेर पडत होती. बुडबुडे थांबल्यावर वाटी तशीच गार होऊ दिली, म्हणजे निवताना तेल आत ओढलं जातं. सोबतचे नमद्याचे गोल तुकडेही तेलात भिजवले.

मोटर परत जोडताना नुसते स्क्रू आवळून चालत नाही. दोन्ही बुश एका रेषेत आले नाहीत तर दांडा अडखळतो. स्क्रू थोडे थोडे आवळायचे, पेचकसाच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलक्या टिचक्या मारायच्या आणि बोटाने दांडा फिरवून बघायचा. तीनचार टिचक्यांनंतर एका क्षणी तो सुटतो आणि बोट काढल्यावरही आपल्या मस्तीत फिरत राहतो. मला या सगळ्या कामातला हा भाग फार आवडला.

स्पीड बराच सावरला, पण थरथर राहिली. थाळीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. थरथर तेवढ्या अंतराने आली तर दोष थाळीत किंवा रेकॉर्डमध्ये. त्याहून भराभर आली तर आयडलरच्या रबरी चाकात किंवा पुलीत. आमची भराभर होती. चाकाच्या कडेवरून नख फिरवलं तर एका जागी खळगा लागला. बटण ‘प्ले’वरच ठेवून प्लेअर वर्षानुवर्षं पडून राहिला की चाक पुलीला दाबलेलं राहतं आणि रबर तिथे बसतं. शिवाय रबराला काचेसारखी चकाकी आली होती, त्यामुळे पकड सुटत होती.

चाक घेऊन अंबडच्या एका लेथवाल्याकडे गेलो. काम बारीक म्हणून तो आधी कचरत होता. चाक दांड्यावर चढवता चढवता म्हणाला, ‘‘दादा, घासून चाक बारीक झालं तर तुमचा स्पीड नाही का बदलणार?’’ प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पण आयडलरच्या व्यासाने स्पीड बदलत नाही. पुलीचा पृष्ठभाग ज्या गतीने धावतो त्याच गतीने चाकाची कड धावते आणि तीच गती थाळीच्या आतल्या कडेला मिळते. स्पीड ठरतो तो पुली आणि थाळी यांच्या व्यासांवर. मधलं चाक नुसता निरोप पोचवतं. हे त्याला पटलं. त्याने सावकाश फिरत्या चाकावर बारीक पॉलिश पेपर धरून खळगा निघेपर्यंत रबर उतरवलं. घरी येऊन पुली आणि थाळीची आतली कड अल्कोहोलने पुसली. चाकाच्या खिळीला तेलाचा एकच थेंब दिला. जास्त दिलं तर ते रबरावर येतं आणि पकड पुन्हा सुटते.

आता थंड सकाळीही खुणा मागे जात नाहीत. उलट तीन सेकंदांत एखादी पुढे सरकते, म्हणजे स्पीड पाव-अर्धा टक्का जास्तच. या प्लेअरला स्पीड बारीक जुळवायची सोय नाही आणि एवढ्यासाठी पुली घासायला मी धजणार नाही. काम झालं की बटण ‘ऑफ’वर आणायचं, हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

एका खयालाच्या रेकॉर्डमध्ये षड्ज अजून हलतो, बरोबर १.८ सेकंदांनी. ती लावली की टोनआर्म (सुई धरणारी दांडी) प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलताना दिसते. भोक मध्यावर पडलेलं नाही. बाकीच्या रेकॉर्डमध्ये असं काही होत नाही, म्हणून प्लेअर पुन्हा उघडायचं कारण नाही. कानशीने भोक मोठं करून ती रेकॉर्ड मध्यावर बसवता येते, पण मामा त्याला तयार नाहीत. दुसरी प्रत कुठे मिळते का, ते बघतोय.