ओठावरची लव आणि न विचारलेला प्रश्न : माझा अनुभव

चेहऱ्यासाठी कोणते वॅक्स घ्यावे, हे आज मला कुणालाही समजावून सांगता येते. परंतु ते कळण्यासाठी माझ्या ओठावरची कातडी एकदा सोलून निघावी लागली, आणि त्याचा राग दोन वर्षे होत आली तरी पुरता गेलेला नाही.

वीस वर्षे मी दोऱ्यानेच काम भागवत होते. चाळिशीकडे झुकल्यावर ओठावरची लव दाट झाली, हनुवटीवर दोन-चार राठ केस दिसू लागले आणि दोरा पंधरा दिवसही पुरेना. मे महिन्यात अंबाजोगाईला मावसबहिणीच्या मुलीचे लग्न होते, म्हणून एप्रिलच्या मध्यात मी लातूरमधल्या एका पार्लरमध्ये प्रथमच ओठावर वॅक्स करून घेतले. त्या वेळी मुरुमांसाठी रोज रात्री मी ॲडापलीनची जेल लावत होते. ही बाब मला महत्त्वाची वाटली नाही आणि तिथे ती कुणी विचारलीही नाही. हातापायांसाठी वापरतात त्याच डब्यातले गरम वॅक्स त्या मुलीने ओठावर पसरले, वर कापडी पट्टी दाबली आणि ओढली. काही केस राहिले म्हणून त्याच जागी पुन्हा लावून पुन्हा ओढले. मी कळवळले तेव्हा ती म्हणाली, "काही होत नसतंय ताई, पहिल्यांदा जरा झोंबतंयच."

घरी येऊन आरशात पाहिले, तर ओठाच्या उजव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जागा ओली आणि लालभडक झाली होती. पार्लरला फोन केल्यावर उत्तर मिळाले की गरमीमुळे झाले असेल, बर्फ लावा. तिसऱ्या दिवशी खपली धरली, आठवड्याने ती पडली आणि खाली काळपट तपकिरी डाग राहिला. तोपर्यंत शेजारपाजारच्या प्रत्येकीने आपापला उपाय सुचवला होता. हळद झाली, लिंबू झाले, आणि त्यातले लिंबू मी खरोखरच लावले, ज्यामुळे आग तेवढी वाढली.

अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. बाहेर बाकड्यावर दोन तास बसले होते, आत गेल्यावर डॉक्टरांनी डाग पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "रात्री चेहऱ्याला काय लावता?" जो प्रश्न पार्लरमध्ये अर्ध्या मिनिटात विचारून झाला असता, तो ऐकायला मला तीन आठवडे लागले. ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइनसारख्या औषधांमुळे त्वचेचा सर्वांत वरचा थर नाजूक होतो, त्यामुळे वॅक्स ओढताना केसांबरोबर तो थरही निघून येतो, असे त्यांनी समजावले. अशी जेल वॅक्सच्या किमान आठवडाभर आधी बंद करावी लागते; आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या चालू असताना आणि थांबवल्यानंतरचे सहा महिने वॅक्सचा विचारही करू नये. घरी येऊन जेलच्या खोक्यातला कागद उघडला, तर त्यातही वॅक्स टाळावे असे बारीक अक्षरात छापलेले होते. ती घडी मी कधी उलगडलीच नव्हती, हा दोष माझा. तरीही, ज्यांचा रोजचा व्यवसायच हा आहे त्यांनी विचारायला नको होते का, हा माझा प्रश्न अजून कायम आहे.

पुढची वाट पाहणे सर्वांत जड गेले. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जखमेपेक्षा तिचा डागच अधिक काळ टिकतो, आणि त्यात ऊन लागले की तो आणखी गडद होतो. लातूरच्या एप्रिल-मे मध्ये ऊन चुकवायचे म्हणजे घराबाहेर न पडणे. ते मला शक्य नव्हते, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला रोज जावे लागत होते. सनस्क्रीन, वर ओढणी आणि रात्री साधी व्हॅसलीन, एवढ्यावर दिवस काढले. लग्नात तो डाग पावडरखाली झाकला, पण जेवणाच्या पंगतीत घामाने पावडर उतरली आणि "ओठाला काय झालं गं?" हे मी किमान दहा जणींकडून ऐकले. डाग पुसट व्हायला पोळा उजाडला.

त्यानंतर मी स्वतःच शिकायचे ठरवले. पट्टीचे मऊ वॅक्स केसांइतकेच त्वचेलाही चिकटते. हातापायांना ते चालते, चेहऱ्याला नाही. चेहऱ्यासाठी हार्ड वॅक्स, म्हणजे दाण्यांच्या रूपात मिळणारे बिनपट्टीचे वॅक्स घ्यावे. ते थंड होताना केसांभोवती आवळते, त्वचेला कमी धरते आणि कडेला धरून तसेच ओढून काढता येते. मात्र त्यात बहुधा राळ असते आणि काहींना राळेची ॲलर्जी असते, म्हणून आधी कानाच्या मागे थोडेसे लावून एक दिवस थांबावे.

दाणे वितळवल्यावर वॅक्स काकवीइतके दाट असताना मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. तिथे सोसले तरच ओठावर न्यावे. लव मुगाच्या दाण्याएवढी तरी लांब हवी, नाहीतर ती पकडली जात नाही. ओठाचे दोन भाग करावेत, आतून जिभेने त्वचा ताणून धरावी, केसांच्या दिशेने लावावे आणि उलट दिशेने, वर न उचलता त्वचेला समांतर ओढावे. एकाच जागी दुसऱ्यांदा लावू नये. राहिलेले दोन केस चिमट्याने काढावेत. चिकटून राहिलेले वॅक्स पाण्याने निघत नाही, खोबरेल तेलाने निघते. हे मला अर्धा तास तोंड धुतल्यावर सुचले.

लग्नकार्यासाठी करायचे असेल तर चार दिवस आधी करावे, आदल्या दिवशी नव्हे. हनुवटीवर राठ केस अचानक वाढत असतील किंवा पाळीही अनियमित झाली असेल, तर वॅक्सच्या आधी डॉक्टरांना दाखवावे. ते हार्मोन्स बिघडल्याचे लक्षण असू शकते.

आता मी महिन्यातून एकदा, पहाटे सहाला करते, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ओठावरचे वॅक्स घट्टच होत नाही. घामाने त्याची पकड सुटते आणि ते रबरासारखे ताणले जाते. पहिल्यांदा मागवलेले दाणे तर कुरिअरच्या गाडीतच वितळून एक ढेकूळ होऊन आले होते. ते मी खलबत्त्यातल्या बत्त्याने फोडले. तेव्हापासून त्यांचा घट्ट झाकणाचा डबा माठाच्या शेजारी असतो आणि सासूबाई त्याला अजूनही गुळाचा डबा समजतात.