पाणी सपाट झालंय

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या आपल्या ड्रॉइंगच्या बाई. बाकीच्या शिक्षकांबद्दल इतर जणी लिहितीलच. मी बाईंबद्दलच लिहिणार.

1976 साली मी आठवीत होते. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीसाठी बाईंनी आम्हा दहा-बारा जणींना पुण्यातल्या पेशवे पार्कात नेलं. बागेतली छोटी आगगाडी, फुलराणी, शिट्टी मारत जात होती, आम्ही तळ्याकाठी बसलो होतो. ब्रश धुवायला वाटीत पाणी घेतलं तेही तळ्यातलंच. मी तळंच रंगवलं. कागदाच्या मागे बाईंनी पेन्सिलीने शेरा दिला, ‘पाणी सपाट झालंय. पुन्हा बघ.’

पुढचं, म्हणजे जोशी-अभ्यंकर खून, त्या काळच्या पुणेकरांना सांगायला नको. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी जोशी कुटुंबातले तिघे मारले गेले. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरातले पाच. त्यातले काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे संस्कृत व्याकरणातलं केवढं नाव! त्यांचा व्याकरणकोश आमच्या संस्कृतच्या सरांच्या टेबलावर असे. सर त्या दिवशी वर्गात आले, हजेरी घेतली आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. संध्याकाळी सातला रस्ते ओस पडत. शेजारच्या काकूसुद्धा आधी नाव सांगत, मग आई कडी काढी.

मार्च 1977 मध्ये बंडगार्डनजवळ नदीत एका तरुणाचा मृतदेह वर आला आणि तपासाला धागा मिळाला. पकडले गेले ते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारे विद्यार्थी. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह. विशीतली मुलं. कॉलेजात जायची, चहा प्यायची, गाडीवर फिरायची. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र. जानेवारी 1976 मध्ये पैशांसाठी त्याला मारून, लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलं होतं.

म्हणजे आम्ही काठावर बसलो तेव्हा तो तिथेच होता. हे मला पेपर वाचताना कळलं. ती वाटी मी नंतर कधी वापरली नाही.

आईने रंगपेटी माळ्यावर टाकली. चित्रकला नको, ती मुलं नको, ते वळण नको. आमच्या आळीत दोघी-तिघींचे क्लास असेच सुटले. आठवड्याने बाई स्वतः घरी आल्या. आईने चहा टाकला आणि दारातूनच विचारलं, “बाई, तुम्हाला त्यांच्या चित्रांवरून कळलं असतं का हो?”

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नाही हो. त्यांनी वही आणून दाखवली असती, तर हात चांगला आहे म्हणून मी शाबासकीच दिली असती. मला तेच रात्रभर झोपू देत नाही.” डोळे पुसून त्यांनी चहा घेतला. “पण म्हणून हिचा ब्रश काढून घेऊ नका.”

आई काही बोलली नाही. स्टूल घेऊन माळ्यावर चढली.

जूनमध्ये बाईंनी आम्हाला पुन्हा त्याच तळ्यावर नेलं. अशी शिक्षिका मी पुन्हा पाहिली नाही.

सप्टेंबर 1978 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले. तोवर मी त्याच महाविद्यालयातून बाहेर पडले होते. प्रवेश घेतला तेव्हा नातेवाईक ‘जक्कलचं कॉलेज’ म्हणत. बाई मात्र पेढे घेऊन आल्या. आज माझा स्टुडिओ आहे, सात जण काम करतात, मसाल्याच्या पाकिटांपासून दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांपर्यंत सगळं करतो. नव्या मुलाला घेताना मी त्याची फाइल बघते, चेहरा बघते, आणि बाईंचं ते वाक्य दर वेळी आठवतं.

दहा माणसं गेली, आणि पुण्याच्या तोंडी दोन आडनावं राहिली. अभ्यंकरांच्या घरी कामाला असलेल्या बाईही त्या रात्री मारल्या गेल्या, हे तर कुणी सांगतही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

चित्रकलेच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत, असं ऐकलं. उत्तरेचा तो उजेड दुसऱ्या कुठल्याच वर्गात नव्हता. तासही आठवड्याला एकच उरलाय म्हणे. बाई असत्या तर मुख्याध्यापकांशी भांडल्या असत्या.

प्रदर्शनासाठी ते तळ्याचं चित्र सोबत पाठवत आहे. लावताना मागची बाजूही दिसेल असं लावावं, एवढी विनंती. शेरा पुसट झालाय, पण वाचता येतो.