वळून बघितलं तर मागं कुणीच नव्हतं

७१ वर्षांचे आजोबा, घराची पायरी चढताना टाचेमागं 'टक्' आवाज झाला आणि ते मटकन खाली बसले. "मागनं कुणी दगड हाणल्यावानी वाटलं डॉक्टर. वळून बघितलं, तर कुणीच नाही." हे वर्णन ऐकलं की हात आपोआप पोटरीकडं जातो. पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. उजवं पाऊल खाली वळलं, डावं हललंच नाही. टाचेच्या हाडाच्या तीन बोटं वर खोबण लागत होती. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी दोरीसारखी जाड शीर तुटली होती.

औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. जुन्या दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २० मिलिग्रॅम. कफासाठी सहा दिवस लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, रोज ५०० मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवसापासून टाच ठणकत होती. वात समजून सून तेल लावून रगडत होती.

लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही एकाच घराण्यातली औषधं. जिवाणूच्या डीएनएला पडणारा पीळ सोडवण्यासाठी त्याचं गायरेज हे विकर (एन्झाइम) दोन्ही धागे कापतं आणि परत जोडतं. औषध नेमकं कापल्यावर गायरेजला तिथंच अडकवतं. टोकं जुळत नाहीत आणि जिवाणू मरतो. टेंडनचं दुखणं वेगळ्या वाटेनं येतं. औषध मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि कोलॅजन, म्हणजे टेंडनचे मूळ तंतू, खाणारी विकरं वाढवतं, असं मानलं जातं. टाचेवरच्या या भागाला रक्तपुरवठा मुळात तोकडा, त्यामुळं झीज भरून येत नाही. वय साठीपुढं, सोबत स्टेरॉइड आणि मंदावलेली किडनी असेल तर धोका कितीतरी वाढतो. आजोबांकडं तिन्ही होतं. वजन ५४ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) १.९; हिशोबानं क्लिअरन्स, म्हणजे किडनीचा रक्त गाळायचा वेग, मिनिटाला जेमतेम २७ मिली. पहिल्या दिवशी ५०० देऊन पुढं रोज २५० पुरले असते. खरं तर या माणसाला दुसरंच अँटिबायोटिक द्यायला हवं होतं. शिवाय हे औषध क्षयरोगाच्या जंतूंनाही काही दिवस दाबून ठेवतं, म्हणून लांबलेल्या खोकल्यात आधी थुंकी तपासावी, असं माझं ठाम मत आहे.

या गोळ्या चालू असताना टाच, खांदा किंवा मनगट दुखू लागलं तर पुढची गोळी घेऊ नये, त्या भागावर जोर देऊ नये, रगडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. शीर गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही तुटू शकते.

लिव्होफ्लॉक्सासिन बंद केलं. प्रेडनिसोलोन एकदम तोडता येत नाही, ते चालू ठेवलं. पाऊल खाली झुकवून प्लास्टर घातलं. मग उजवी टाच दाबून पाहिली. तिथंही दुखत होतं.