अ‍ॅब्लेशननंतरचं छातीतलं दुखणं
हृदयाचे अनियमित ठोके ठीक करायला नळीवाटे करतात ती अ‍ॅब्लेशन प्रोसिजर नुकतीच झाली माझी, आणि आज पहाटेपासून छातीत परत दुखतंय, खोल श्वास घेतला की टोचतं, आडवं पडलं की जास्तच, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. घाबरून डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, अ‍ॅब्लेशनमुळे हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला सूज येते, सुरुवातीचे काही दिवस असं बऱ्याच जणांना होतं. मधेच धडधडतंही, पण पहिले २-३ महिने तसं झालं म्हणजे प्रोसिजर फेल गेली असं नाही. पण ताप, गिळताना त्रास, धाप, चक्कर किंवा हातापायातली ताकद गेली, अगदी काही आठवड्यांनी का होईना, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. हे सगळं डिस्चार्ज देतानाच नीट सांगायला हवं हो, पेशंटचा जीव किती टांगणीला लागतो!