मामांच्या खिशातला पेन ड्राइव्ह

बार्शीत पेठेत आमचं पाइप-फिटिंगचं दुकान आणि लातूर रोडला गोडाऊन. दोन्हीकडे कॉम्प्युटर, हिशेब मात्र एकच. बरीच वर्षं हा एकपणा मामांच्या खिशात असायचा. दिवसभर गोडाऊनची बिलं तिथल्या मशीनवर व्हायची, संध्याकाळी मामा डेटाचा पेन ड्राइव्ह घेऊन यायचे, मी दुकानाची दिवसभराची पॅडवरची बिलं रात्री चढवायचो आणि सकाळी पेन ड्राइव्ह परत जायचा. अण्णांचा रोजचा प्रश्न ठरलेला: "आणला का रे तो?"

मला ते मागासलेलं वाटायचं. दोन्ही मशीन व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी वाटेने जोडली, आणि विंडोजच्या रोबोकॉपी या फाइली कॉपी करणाऱ्या आज्ञेची चार ओळींची बॅच फाइल (आपोआप चालणारी आज्ञांची यादी) लिहिली. संध्याकाळी सातला तिकडून इकडे, सकाळी आठला इकडून तिकडे. अट एकच: जुन्या फाइलने नवी पुसायची नाही. पहिले काही दिवस मी ऐटीत होतो.

मग एका सकाळी मामांचा फोन आला. "भाच्या, कालची सगळी बिलं गेली की रे."

कॉपीची नोंद, म्हणजे लॉग बघितला. संध्याकाळी गोडाऊनच्या फाइली 'जुन्या' म्हणून सोडल्या होत्या आणि सकाळी दुकानाच्या फाइली त्यांच्यावर जाऊन बसल्या होत्या. तडक गोडाऊन गाठलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९! लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपलेला. आदल्या दिवशी लाइट गेली तसं मशीनचं घड्याळ मागे गेलं, आणि त्या दिवशीची प्रत्येक फाइल बॅच फाइलच्या हिशेबी २००९ सालची ठरली. रुपयाएवढा सीआर२०३२ सेल बदलला, घड्याळ इंटरनेटवरून लागेल असं केलं, आणि मामांनी कार्बन कॉपीवरून सगळी बिलं पुन्हा चढवली. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

इथे शहाणं व्हायला हवं होतं. पण घड्याळ सुधारलं म्हणजे सगळं सुधारलं असं धरून मी दुकानातही दिवसाच बिलं करायला लागलो आणि कॉपी दर पंधरा मिनिटांनी लावली. जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र भरायची ११ तारीख तोंडावर आली आणि सीएंचा फोन: "४१२ नंबरची दोन बिलं कशी? एक करमाळ्याच्या पार्टीचं, एक वैरागच्या. आणि ४१५ कुठाय?"

झालं असं होतं की ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याची फाइल राहायची आणि दुसऱ्याचं काम पुसलं जायचं. शिवाय हिशेबाचा डेटा म्हणजे एक फाइल नव्हे. एकमेकींशी बांधलेल्या कितीतरी फाइली. त्यातल्या काही इकडच्या, काही तिकडच्या आल्या की लेजर (खातेवही) एक सांगणार आणि स्टॉक दुसरंच. पेन ड्राइव्हच्या काळात हे का होत नव्हतं, ते त्या रात्री उमगलं. तो ज्याच्याकडे, लिहायची पाळी त्याची. मी पेन ड्राइव्ह काढला आणि त्याच्याबरोबर पाळीही काढली.

मग दोन प्रती ठेवणंच सोडलं. दुकानात एक वेगळं मशीन सर्व्हर म्हणून ठेवलं, यूपीएसवर. डेटा फक्त तिथे. काउंटरचा कॉम्प्युटर दुकानातल्या नेटवर्कवरून तो उघडतो. गोडाऊनमधूनही शेअर फोल्डर थेट उघडून पाहिला होता, पण एक लेजर उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून मामा रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे गोडाऊनमधूनच सर्व्हरचा स्क्रीन उघडून, सर्व्हरवरच बसतात. तारेवरून फक्त स्क्रीनचं चित्र आणि कीबोर्डवर दाबलेली बटणं जातात, फाइली जागच्या हलत नाहीत. दुकान आणि गोडाऊनच्या बिल-नंबरांच्या सिरीजही वेगळ्या केल्या. एकाहून जास्त सिरीज जीएसटीला चालतात. नंबर १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा. गोडाऊनचं नेट गेलं (आणि जातंच) की मामा पॅडवर आपल्या सिरीजचा पुढचा नंबर टाकून मोकळे. नंतर चढवतात.

बॅच फाइल अजून चालते, पण एकाच दिशेने. रोज रात्री सॉफ्टवेअर बंद झाल्यावर तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरात बॅकअप. त्यातला एखादा महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर उघडून बघतो.

शनिवारी तोच बॅकअप मामांच्या पेन ड्राइव्हवर जातो. ते तो घरी नेऊन कपाटात पासबुकाखाली ठेवतात. दुकान बंद करताना अण्णा विचारतातच: "नेला का रे तो?"