तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात बसून समुद्रातले कृमी कशाला?

"सर, आपल्याकडे समुद्रच नाही, मग समुद्रातल्या कृमींची नावं लावत आयुष्य कशाला घालवलंत?" स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, निपाणीच्या नातेवाइकांच्या ओसरीवर हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की आता त्याचे उत्तर लिहूनच द्यावे असे वाटते.

पूर्वी मी उपयोग सांगून मोकळा होत असे. कारवारकडून आपल्या बाजारात येणारी लेपी चिखलातले हेच कृमी खाऊन वाढते. कॅपिटेला नावाचा कृमी सांडपाण्याने नासलेल्या गाळात फोफावतो, म्हणून तो प्रदूषणाची खूण मानला जातो. हे खोटे नाही. पण ज्या कॅपिटेलाला सगळे एकच जाती समजत होते, तिच्यात निदान सहा वेगळ्या जाती दडल्याचे १९७६ मध्ये उघड झाले, तेव्हा ही खूण नेमकी कोणाची, हा प्रश्न उरलाच. आधी ओळख पटली पाहिजे, उपयोग त्यानंतरचा, हे तेव्हा मी ठामपणे सांगायला हवे होते.

ही ओळख सोपीही नाही. गांडूळ आणि जळू यांना आम्ही वर्षानुवर्षे पॉलिकीटांपासून, म्हणजे मुख्यतः समुद्रात राहणाऱ्या या राठ केसांच्या वलयी कृमींपासून, वेगळे काढून शिकवले. जनुकांच्या अभ्यासाने ती दोन्ही पॉलिकीटांच्याच वंशवृक्षाच्या एका फांदीवर नेऊन बसवली. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी राहणाऱ्या रिफ्टिया नावाच्या कृमीला प्रौढपणी तोंड नसते, आतडे नसते. तो शरीरातल्या जीवाणूंच्या आधारावर जगतो. त्याच्या गटाला एकेकाळी स्वतंत्र संघाचा, म्हणजे प्राणिसृष्टीतल्या एका मोठ्या विभागाचा, मान होता, आज ते पॉलिकीटांमधले एक कुळ आहे. खानापूरच्या शेतातले गांडूळही त्याच गोतावळ्यातले असेल, तर समुद्राशी आपला संबंध नाही हे मला मान्य नाही.

पण माझे खरे उत्तर एका खोलीशी निगडित आहे. मी शिकवत होतो त्या संस्थेत, काळी नदीच्या मुखाजवळच्या चिखलातून जमवलेले नमुने बरण्यांत ठेवले होते. त्यांतले मार्फिसा या पॉलिकीट कृमीचे नमुने मला सर्वांत मोलाचे होते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फोवेल यांच्या १९५३ च्या भारतीय पॉलिकीटांवरील ग्रंथाच्या आधारे त्यांना मार्फिसा सँग्विनिया हे नाव मिळाले होते. ही जाती मुळात इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरची. २००३ मध्ये तिचे नव्याने काटेकोर वर्णन झाल्यावर, जगभर त्या नावाखाली ठेवलेले कृमी पुन्हा तपासणे भाग पडले. मीही सुईने एकेक पार्श्वपाद, म्हणजे कृमीच्या कडेचा पायासारखा अवयव, सुटा करून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवीत होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होतो: कंगव्यासारखे कल्ले कितव्या वलयापासून सुरू होतात, सांध्याच्या शूकांचे, म्हणजे राठ केसांचे, टोक केसासारखे निमुळते आहे की पात्यासारखे आखूड आहे. काम अर्ध्यावर असताना मे महिन्याची सुट्टी लागली. जूनमध्ये परत आलो, तेव्हा तपासणी समितीसाठी ती खोली रंगवून झाली होती आणि बरण्या स्वच्छ धुऊन कपाटात पालथ्या घातलेल्या होत्या. अल्कोहोलमध्ये शाई विरघळते म्हणून ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहून मी बरणीच्या आत चिठ्ठ्या टाकत असे. कृमींबरोबर त्याही गेल्या. विचारले तर उत्तर मिळाले, "जुने किडेच होते ना सर? वास येत होता." मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते असे आजही वाटते, आणि बोलून काय हाती लागले असते, असेही वाटते.

पुढे त्याच किनाऱ्यावरून पुन्हा नमुने आणले. काही लक्षणांत ते डेव्हनच्या वर्णनाशी जुळत नाहीत. पण एकाच चिखलात दोन जाती शेजारी नांदू शकतात, त्यामुळे नव्यांवरून जुन्यांचा निकाल लावता येत नाही. तरुणपणीचा मी ग्रंथातले नाव लावून पुढे गेला असता, आणि निदान यादी पूर्ण झाली असती, हा त्याचा युक्तिवाद मला अजून सर्वस्वी खोडता येत नाही. तरी चिठ्ठीवर मी 'मार्फिसा, जाती अनिश्चित' एवढेच लिहितो. सध्या या बरण्या माझ्या घरी आहेत. अल्कोहोल उडून जाते, ते वेळोवेळी भरावे लागते, आणि माझ्यानंतर हे काम कोणाकडे सोपवावे ते अजून ठरलेले नाही.