एका मुलामागे किती? ठाणे-बेलापूर पट्ट्यात युवा संस्थेसाठी निधी उभा करताना

कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामासाठीच्या खर्चाच्या) विभागातली पहिली भेट संपत आली की एक प्रश्न हमखास येतो: "एका मुलामागे खर्च किती?" वस्तीतली परिस्थिती, संस्थेचं काम, मुलांच्या गोष्टी हे सगळं ऐकून झालेलं असतं. समोरच्याला वर कळवायचा असतो तो हा एक आकडा. म्हणून प्रस्तावाची रंगीत पानं सजवण्याआधी मी हा आकडा पक्का करते. खरं तर तो एक नसतोच, तीन असतात.

समजा दिघा किंवा कळव्यात १८ ते २५ वयाच्या ३० जणांची तीन महिन्यांची बॅच चालवायची आहे. संगणक, इंग्रजी बोलणं, मुलाखतीची तयारी आणि शेवटी नोकरी. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावेत. दोन प्रशिक्षक, प्रत्येकी महिना २५,०००, म्हणजे १,५०,०००. वस्तीत फिरून मुलं जमवणारी कार्यकर्ती १८,००० प्रमाणे चार महिने, ७२,०००; तिचं काम बॅचच्या महिनाभर आधी सुरू होतं. नोकऱ्यांचं बघणारी व्यक्ती अर्धवेळ, ११,००० प्रमाणे सहा महिने, ६६,०००. तिचं काम बॅच संपल्यावरही तीन महिने चालतं. जागेचं भाडं ६०,०००, वीज आणि इंटरनेट १५,०००, वह्या-पुस्तकं माणशी ८०० प्रमाणे २४,०००. लोकलचा पास आणि शेअर रिक्षा माणशी महिना ५००, एकूण ४५,०००. नाश्ता २० रुपये, ६६ दिवस, ३० जण, म्हणजे ३९,६००. बेरीज ४,७१,६००. त्यावर हिशेब, ऑडिट, कार्यालय यांचा वाटा १० टक्के धरला की ५,१८,७६०.

आता याला ३० ने भागलं तर १७,२९२. पण ३० पैकी २४ जणच कोर्स पुरा करतात असं धरा, मग २१,६१५. त्यातले १८ नोकरीला लागले, तर २८,८२०. तिन्ही आकडे खरे आहेत. घोटाळा होतो तो प्रस्तावात पहिला आकडा टाकून उद्दिष्टात "३० जणांना नोकरी" लिहिलं की. असा प्रस्ताव स्वस्त दिसतो, मंजूरही होतो, आणि सहा महिन्यांनी १८ नावांची यादी घेऊन त्याच टेबलासमोर बसावं लागतं. मी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिते आणि गळती कुठे होते तेही सांगते: लग्न ठरणं, घरात आजारपण, मध्येच मिळालेलं डिलिव्हरीचं काम. हे वाचून कंपनी बिथरेल ही भीती नव्या माणसाला असते. माझं निरीक्षण उलट आहे. ज्यांनी आधी दोन-तीन संस्थांना पैसे दिलेत त्यांना गळती ठाऊक असते. न दाखवणाऱ्याकडेच ते संशयाने बघतात.

सगळ्यात जास्त कापाकापी होते ती पगार, भाडं आणि त्या १० टक्क्यांवर. "कायद्यात प्रशासकीय खर्च ५ टक्केच आहे" हे वाक्य कंपनीच्या बाजूने फार ऐकू येतं. नियम नीट वाचला तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. प्रकल्प आखण्याचा, राबवण्याचा, देखरेखीचा थेट खर्च त्यात धरला जात नाही. प्रशिक्षकाचा पगार हा तर प्रकल्पच झाला. वाद न घालता नियमाची ती ओळ प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर जोडून द्यावी. आणि पगाराची ओळ "मनुष्यबळ" अशी मोघम न ठेवता "प्रशिक्षक २, आठवड्याला ३० तास" अशी लिहावी. मोघम ओळीवर कात्री पटकन चालते.

पैसे मागायचे कोणाकडे, हे ठरवताना पट्ट्याचा नकाशा उपयोगी पडतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, मागच्या आर्थिक वर्षात नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी गाठलं असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या मोठ्या आवारांत अशा कंपन्या आहेत, पण पैशाचा निर्णय अनेकदा दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात होतो. इथल्या एचआरच्या माणसाला फार तर स्वयंसेवक पाठवायचा अधिकार असतो. पहिल्याच फोनवर "मंजुरी कुठून होते?" हे विचारलं की तीन महिने वाचतात. मूळ मालकी परदेशी आहे म्हणून एफसीआरए (परकी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी) लागेल का, हा प्रश्नही इथे नेहमी निघतो. भारतात नोंदलेल्या कंपनीतली परकी गुंतवणूक कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर तिचा सीएसआर निधी परकी देणगी ठरत नाही.

वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, तळोजा इथले छोटे कारखानदार या कायद्यात बसत नाहीत. त्यांच्याकडे समिती नाही, पोर्टल नाही. मालक स्वतः ऐकतो आणि ठरवतो. त्यांना २० पानांचा प्रस्ताव देऊ नये. एक पान पुरतं: तुमच्या युनिटपासून दोन किलोमीटरवरची ही वस्ती, इतकी मुलं, दहा जणांच्या प्रवासाचा खर्च महिना ५,०००, तीन महिन्यांचे १५,०००. ठाण्यातली टिसा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली टीबीआयए या उद्योजकांच्या संघटनांमधून ओळख निघाली तर दार लवकर उघडतं. इथे प्रश्नही वेगळा असतो: "पैसे देतो, पण मला मुलं मिळतील का?" त्याकडे पुढे येते.

सोसायट्यांमधून आणि ओळखीपाळखीतून येणारी देणगी रकमेने लहान, पण तिच्यावर अटी नसतात, म्हणून ती जपावी. चूक होते क्यूआर कोडवर. घोडबंदर रोडच्या एखाद्या संकुलात स्टॉल लावला, दिवसभरात ७० जणांनी यूपीआय केलं, आणि संध्याकाळी हातात फक्त अर्धवट नावं आणि रकमा. देणगीदाराचं नाव-पत्ता नोंदलेला नसेल तर ती निनावी देणगी धरली जाते; एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतली जी रक्कम मोठी तिच्या वर गेलेल्या निनावी देणगीवर ३० टक्के कर बसतो. शिवाय पॅनसारखा ओळख क्रमांक नसेल तर ८०जीचं, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारं, प्रमाणपत्र देता येत नाही. वर्षभराच्या देणग्यांचं विवरण (१०बीडी) आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यामुळे क्यूआरशेजारी वही ठेवावी: नाव, पत्ता, पॅन, मोबाइल. रोख २,००० च्या वर घेऊ नये, देणाऱ्याला वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत असलेल्यांना ८०जीची वजावट मुळातच नाही, हेही आधीच सांगून टाकावं. नाहीतर जुलैत रागावलेले फोन येतात. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, बोलण्यात मात्र सगळे १२ए, ८०जीच म्हणतात.)

अमेरिकेतला भाऊ पैसे पाठवतो म्हणाला, तर आधी पासपोर्ट विचारावा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याची स्वतःची बचत परकी देणगी नाही. नागरिकत्व बदललं असेल तर एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही.

आता फाइल. मंजुरी तोंडी मिळाल्यावर गाडी अडते ती इथेच. कंपनी मागते: ट्रस्ट डीड, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची नोंदणी), ८०जी, सीएसआर-१ चा (सीएसआर निधी घेण्यासाठीच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक, दर्पण (नीती आयोगाच्या पोर्टलवरचा) क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि आयकर विवरणं, रद्द केलेला चेक, विश्वस्तांची यादी. सीएसआर-१ ची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. कागद सगळे असतात, जुळत नाहीत. डीडवर "प्रतिष्ठान", पॅनवर "फाउंडेशन", बँकेत तिसरंच स्पेलिंग. आपल्याकडे त्याहून मोठी अडचण चेंज रिपोर्टची. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. ते राहिलं, किंवा दिलं पण आदेश अजून झालेला नाही, की शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर जुनीच नावं दिसतात. त्यात एखादे विश्वस्त वारलेलेही असतात. ठरावावर सही नव्या विश्वस्ताची, उताऱ्यावर नाव जुन्याचं; कंपनीचा कायदा विभाग तिथेच पेन खाली ठेवतो. यावर झटपट उपाय नाही. दाखल केलेल्या चेंज रिपोर्टची पोच, त्याचा क्रमांक आणि वकिलाचं पत्र जोडून काही कंपन्या ऐकतात, काही नाही. म्हणून दर एप्रिलमध्ये उतारा काढून मी नावं ताडून बघते.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होतो. मसुदा कंपनीचा असतो आणि "आमचा ठरलेला मसुदा आहे, बदलत नाही" असं सांगतात. चार जागा तरी बदलून मागाव्यातच. पहिली, हप्ते: त्यातला ४० टक्क्यांचा पहिला हप्ता सही झाल्यावर लगेच, कामानंतर नव्हे; संस्थेकडे तीन महिन्यांचे पगार आधी घालायला पैसे नसतात. दुसरी, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत १० टक्क्यांपर्यंत रक्कम लेखी कळवून फिरवता यावी. तिसरी, उद्दिष्टात "प्रवेश, पूर्ण, नोकरी" हे तीन आकडे वेगळे. चौथी, फोटो: १८ खालच्यांचे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत, आणि नावासकट तर नाहीतच. फलकाचा मुद्दाही इथेच मिटवावा. जीएसटीचं ११ ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक सांगतं की देणगीदाराचं नाव कृतज्ञतेपोटी लावलं, त्यात व्यवसायाची जाहिरात नसली, तर जीएसटी लागत नाही. "अमुक कंपनीच्या सहकार्याने" इथपर्यंत ठीक. उत्पादनाचं चित्र आणि ऑफर आली की तो प्रायोजकत्वाचा व्यवहार झाला. मार्केटिंगच्या फायद्यासाठी केलेलं प्रायोजकत्व कंपनीलाही सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, हे सांगितलं की त्यांचा ब्रँडवाला गप्प बसतो.

मग फेब्रुवारी येतो. "३१ मार्चच्या आत खर्च करून बिलं देणार असाल तर १५ लाख आहेत." हा मोह भल्याभल्यांना पडतो. कंपनीने संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं होत नाही. संस्थेने ते वापरल्यावरच तो खर्च धरतात. सहा आठवड्यांत १५ लाखांचं प्रशिक्षण होत नाही, होते ती लॅपटॉपची खरेदी. मग जागा नाही, प्रशिक्षक नाही आणि कपाटात ३० लॅपटॉप. अशा वेळी मी विचारते, संचालक मंडळ हा प्रकल्प "ऑनगोइंग", म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारा, म्हणून मंजूर करेल का? तसं झालं तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. उत्तर "नाही" असेल तर जेवढं खरोखर होईल तेवढंच घ्यावं. नकार दिल्याने नातं तुटतं असं मला दिसलेलं नाही. अर्धवट हिशेबाने मात्र तुटतं.

मालकांच्या "मुलं मिळतील का" या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते भागीदारीचा खरा गाभा तो आहे. कारखान्याशी बोलताना पगार विचारायचा तो हातात येणारा, शिफ्टची वेळ आणि स्टेशनपासून गेटपर्यंतचं अंतर. "१६,००० पगार" यातून पीएफ कापला, रबाळे स्टेशन ते एमआयडीसी रिक्षाचे जाता-येता पैसे गेले, दुपारचं जेवण विकतचं; उरलेला आकडा मुलाने पहिल्या महिन्यातच घरी मांडलेला असतो. नोकरी सोडण्याची कारणं बहुतेक याच बेरजेत सापडतात. रात्री अकराला सुटणाऱ्या शिफ्टला मुलगी घ्यायची तर गाडी कोण सोडणार, हे लेखी घ्यावं. १८ खालच्या मुलाला धोक्याच्या कामावर घेणं कायद्याने गुन्हा आहे. मशीन शॉपचा मालक "नुसतं शिकायला" म्हणाला तरी नाहीच. आणि मुलांकडून किंवा मालकाकडून माणशी पैसे घ्यायचे नाहीत. ते सुरू झालं की आपली संस्था लेबर काँट्रॅक्टर होते.

स्वयंसेवकांचा दिवस मागणाऱ्या कंपन्यांना भिंत रंगवायला देऊ नये. तीच भिंत गेल्या वर्षीही कोणीतरी रंगवलेली असते. १५ कर्मचारी, ३० मुलं, प्रत्येकाची २० मिनिटांची खोटी मुलाखत आणि एका कागदावर तीन शेरे. मुलांना याचा उपयोग होतो आणि पुढच्या वर्षी निधीसाठी आत बोलणारी १५ माणसं तयार होतात. चहा, छपाई, हॉलचं भाडं कंपनीकडून घ्यावं, आधी सांगून.

शेवटच्या हप्त्यासाठी यूसी लागतं, म्हणजे सीएने सही केलेलं खर्चाचं प्रमाणपत्र, त्यावर यूडीआयएन (सीएच्या सहीचा पडताळणी क्रमांक). ते शेवटी करायला घेतलं की हमखास काहीतरी सापडत नाही: नाश्तावाल्याचं बिल साध्या चिठ्ठीवर, रिक्षाचे पैसे रोख दिलेले आणि सहीच नाही. प्रवासभत्ता मुलांच्या खात्यात टाकावा, नाश्त्याचं बिल आठवड्याला एक घ्यावं आणि प्रत्येक बिलावर त्याच दिवशी प्रकल्पाचा शिक्का मारून ठेवावा. प्रकल्पाचं बँक खातं वेगळं असेल तर त्यावर जमा झालेलं व्याज कोणाचं, हे करारात बघावं. बहुतेक करारांत ते प्रकल्पात वापरायचं किंवा परत करायचं असतं, आणि १,१४० रुपयांच्या व्याजासाठी शेवटचा २० टक्के हप्ता दोन महिने अडकून राहू शकतो.